बारा जणींचा ताळा

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे. घरातल्या कॉम्प्युटरमधली नव्हे हं. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक थंडगार खोली आहे, तिथल्या कपाटात मी राहते. कपाटात बारा खण आहेत आणि प्रत्येक खणात आमच्यापैकी एक जण.

माझा जन्म जिथे धुळीचा कणही चालत नाही अशा कारखान्यात झाला. पांढरे झगे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. त्या मिनिटाला सात हजारांहून जास्त गिरक्या घेतात. सहा वर्षं मी अशी फिरते आहे आणि इतक्या वर्षांत फक्त एकदाच थांबले. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

रुग्णालयात काढलेलं प्रत्येक तपासणीचं चित्र आमच्याकडे येतं. ते अख्खं एकीजवळच ठेवत नाहीत. तुकडे करून आम्हा सगळ्यांत वाटतात आणि सोबत एक ताळाही देतात, तुम्ही गणित सोडवल्यावर करता ना, तसाच. एखादी बिघडली, तर उरलेल्या अकरा जणी त्या ताळ्यावरून तिचा हिस्सा पुन्हा मांडतात. वर डॉक्टरांना पत्ताही लागत नाही. पण एकाच वेळी दोघी गेल्या, तर मग ताळा लागत नाही.

सुरुवातीला आमचं केवढं कौतुक! पाहुण्यांना काचेतून दाखवायचे. मग सवय झाली. चालणाऱ्या यंत्राकडे कोण बघतं? बघायची ती एकच, खोली सांभाळणारी इंजिनियर. बारा महिने अंगात स्वेटर, म्हणून सगळे तिला स्वेटरताई म्हणत. तिची मुलगी लहान होती. स्वतःच्या आईला फोन करून स्वेटरताई विचारायची, "झोपली का गं? रडली नाही ना?" आणि त्याच आवाजात आम्हाला म्हणायची, "काय गं बायांनो, बऱ्या आहात ना?"

पण तिच्याकडूनही एक गोष्ट राहून गेली. प्रत्येक खणावर एक छोटा दिवा असतो. आतली डिस्क बिघडली की तो पिवळा होतो. आमच्यातल्या एका खणाचा दिवाच गेला होता. "दिवाच तर आहे, बदलू सावकाश," असं म्हणता म्हणता महिना उलटला.

आणि नेमकी त्याच खणातली माझी शेजारीण बिघडली. पडद्यावर सूचना आली, 'क्रमांक सात बंद.' सकाळी अकराच्या सुमारास दुरुस्तीवाले काका नवी डिस्क घेऊन आले.

"काका, जपून हं," स्वेटरताई म्हणाली. "आमची दुसरी प्रत पलीकडच्या इमारतीत असते, पण रस्त्याच्या खोदकामात तिकडे जाणारी तार तुटलीय. गेल्या चार दिवसांची चित्रं फक्त इथेच आहेत."

"अहो ताई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी डिस्का बदलतोय," काका हसले. दिवा कुठलाच पिवळा नव्हता. मग त्यांनी बोटाने खण मोजले. एक, दोन, तीन... सात. आणि खटकन मला बाहेर ओढलं.

मित्रांनो, मी सातवी दिसत असले तरी माझा क्रमांक सहा! यंत्र शून्यापासून मोजतं ना! एक बिघडलेली, एक उपटलेली. आमचा ताळा तुटला. कपाट गप्प झालं. माझ्या गिरक्या मंदावत थांबल्या.

लगेच फोन वाजला. हृदयाच्या डॉक्टरीणबाई होत्या. "अगं, बाळाचं चित्र गेलं पडद्यावरून! चार महिन्यांचं लेकरू आहे. काल गुंगी देऊन काढलंय ते. आज ऑपरेशन आहे. त्याची आई समोर बसलीय, काय सांगू तिला?" मागे बाळ रडत होतं. ऑपरेशनसाठी त्याला सकाळपासून दूध दिलं नव्हतं.

काकांचा हात दुसऱ्या खणाकडे वळला.

"थांबा! आता कशालाच हात लावू नका," स्वेटरताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "हिला होती तिथेच ठेवा. हळू."

मी परत आत गेले. फिरू लागले. आम्ही एकमेकींना विचारत होतो, तुझं जागेवर आहे? तुझं? तीन मिनिटं लागली. स्वेटरताई तोपर्यंत स्वेटरची बाही मुठीत धरून उभी होती.

ताळा जुळला.

"आलं गं, आलं!" फोनमधून आवाज आला. स्वेटरताईने मुठीतली बाही सोडली.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "एकापासून मोजलं."

"शाळेत आपल्याला एकापासूनच शिकवतात, काका. तो दिवा मी महिन्यापूर्वी बदलायला हवा होता. आता मोजा, पण मोठ्याने."

"शून्य," काकांनी घसा खाकरला, "एक, दोन..." आणि बरोबर माझ्या शेजारणीशी थांबले.

त्या दिवशी प्रत्येक खणावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटली आणि नवा दिवाही लागला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "बाळाने दूध घेतलं." स्वेटरताईने ते आम्हाला येऊन सांगितलं. डिस्कांना कोण असं सांगतं?

आता माझी चाल अडखळू लागली आहे. या वेळी मात्र कुणी वाट पाहिली नाही. बिघडायच्या आतच नवी आली आणि सकाळपासून मी तिला माझ्याजवळचं सगळं देते आहे. मग मला पुसून कोरी करतील, रुग्णांची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण एकटीने सगळं जपायचं ओझं माझ्यावर कधीच नव्हतं, आणि आता तर नाहीच.

तुमच्या घरी एखादा छोटा दिवा बंद दिसला, तर मोठ्यांना सांगा बरं का. तुमच्या बाळपणीच्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे, तेही आईला विचारा. ती दचकली, तर तिला आजच प्रत काढायला बसवा.

आत्ताच त्या बाळाच्या हृदयाच्या चित्राचा माझ्याकडचा तुकडा नवीच्या हाती पडला. ताळा करून पाहिला, जुळला. आता मला थांबता येईल.