शनिवारची प्रत

"मग काका, तुम्हीच सांगा. प्रत घ्यायची कोणती पद्धत ठेवू? तुम्ही म्हणाल तसं लिहितो," जयसिंगसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

कोंडीराम रणपिसे टेपांच्या कपाटाशी उभा होता. पिंपरीच्या त्या कारखान्यात संगणक आल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून टेपा त्याच्याकडे. मशीन एकच, पण आत तीन मशिनं असल्यासारखं चालायचं: स्टोअरचं, उत्पादनाचं, हजेरीचं. एका घरात तीन बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटावं की घर आपलंच, असला मामला! मशीन बिघडलं तर तिघांचंही सगळं जाणार. म्हणून दर शनिवारी सगळं बंद ठेवून तो सगळ्या माहितीची पूर्ण प्रत टेपांवर उतरवायचा. एक वाजता लावली की सात वाजायचे.

नवी पद्धत वेगळी होती. पूर्ण प्रत महिन्यातून एकदाच, आणि दर आठवड्याला फक्त जे बदललं तेवढं. पाऊण तासाचं काम. धोका एवढाच, की मधली एक टेप खराब निघाली तर पुढच्या सगळ्या फुकट. कोंडीरामने कालच दोन्ही तऱ्हेच्या टेपांवरून माहिती परत चढवून पाहिली होती. नवी पद्धत एका आकड्यानेही चुकली नव्हती.

"पूर्णच ठेवा साहेब, दर शनिवारी," तो म्हणाला. "मधली एखादी टेप गेली तर काय करायचं?"

साहेबांनी मान डोलावली.

खोटं तो बोलला नव्हता, पण खरंही बोलला नव्हता. बायको कस्तुरा जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक नांदेडला दिलेली. इतर दिवस कसेबसे सरायचे, पण शनिवारी अर्ध्या दिवसाने सगळी कॉलनी घरी यायची, शेजारी हसणं-भांडणं चालायचं, आणि त्याचं घर त्याला खायला उठायचं. टेपा फिरत असल्या की निदान आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं वाटे.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या शालनबाई भेटल्या.

"भाऊ, शनिवारचं बंद ठेवणं थांबणार म्हणत्यात, खरं का? शनिवारी आलेल्या मालाची नोंद आमाला रविवारी येऊन मशीनवर चढवावी लागतीय. वर्सं झाली, घरात लेकरासंगं एक रविवार न्हाई गावला."

"बघू," कोंडीराम म्हणाला. बाईंना ठाऊकही नव्हतं की ते त्याच्याच हातात होतं. त्याचं मन त्याला खाऊ लागलं. अर्धा डबा तसाच झाकून तो साहेबांकडे गेला.

"साहेब, नवी पद्धत लिहा. फक्त दर टेपेची जोडप्रत करून दुसऱ्या इमारतीत ठिवायची. आन महिन्यातनं एकदा परत चढवून बघायचं. चढवून न बघितलेल्या प्रतीवर भरवसा न्हाई."

"अहो, पण सकाळी तर तुम्हीच..."

"सकाळी माझं बोललो साहेब. हे मशीनचं."

साहेबांना नीटसं कळलं नाही, पण त्यांनी कागद बदलला.

पुढच्या शनिवारी पावणेदोनला टेपा कपाटात गेल्या. शालनबाई त्याच दिवशी आलेल्या मालाची नोंद मशीनवर चढवत होत्या, त्यांनी हसून हात हलवला. कोंडीराम घरी गेला नाही. चिंचवड स्टेशनजवळच्या खंडूच्या सलूनमध्ये शिरला. बाकावर दाटी होती, गप्पा रंगल्या होत्या. त्याचा नंबर आला तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, "तुम्ही बसा, मला घाई न्हाई." त्याच्या नंतरच्यालाही तेच. माणसं येत राहिली, बोलत राहिली, तो ऐकत राहिला. सहाला दुकान रिकामं झालं.

"या काका," खंडूने त्याला खुर्चीत बसवलं, मानेवरून हात फिरवला आणि थबकला. "केस तर मंगळवारीच कापले की तुम्ही."

"दाढी कर मग."

खंडूने त्याच्या गुळगुळीत गालाकडे पाहिलं. मग तो वाटीत साबणाचा फेस करू लागला.