चोवीस खणांत राहिलेली माणसे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटले की तुम्हाला झाकण आठवेल, कुलूप आठवेल. माझ्याकडे त्यातले काहीच नाही. मला आहेत चोवीस खण, सहा-सहाच्या चार रांगांत. प्रत्येक खण हातभर लांब आणि पोस्टकार्डाएवढा रुंद. मी काय आहे हे ज्यांना कळत नाही, ते माझ्यावर छत्री ठेवतात. ज्यांना कळते, ते खण उघडतात.

माझा जन्म एका लहानशा विद्यापीठात झाला. ते इतके लहान की त्याला इमारत एक, जिना एक आणि सुतारही एकच. सगळे त्याला मामा म्हणत. ग्रंथालयातल्या पुस्तकांची कार्डे ठेवायला एक पेटी कर, असे त्याला सांगण्यात आले. मामाने दोन महिने लावले. ग्रंथपाल रोज विचारत, "मामा, झाली का?" मामा म्हणे, "लाकूड अजून हलतंय. ते थांबलं की मी थांबतो." शेवटी त्याने प्रत्येक खणाच्या कडांना मेण चोळले आणि चोवीसही खण एकेकदा ओढून पाहिले. "खण ओढला म्हणून वाचणाऱ्याची मान वर होता कामा नये," तो म्हणाला. मला ती पहिली शाबासकी वाटली.

पुढची कित्येक वर्षे माझी फार ऐट होती. ज्याला पुस्तक हवे, तो आधी माझ्याकडे येई. मग ग्रंथालयात संगणक आला. एका सकाळी माझी सगळी कार्डे गठ्ठे बांधून बाहेर काढली गेली आणि मला जिन्याखाली नेऊन ठेवले. तिथे मी चार वर्षे रिकामी उभी होते. संगणकाशी माझे वैर नाही. पण रिकामे उभे राहणे काय असते, ते रिकामे राहिल्याशिवाय कळत नाही.

मला तिथून बाहेर काढले ते दाखलेबाईंनी. विद्यापीठाच्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसून त्या मुलांना दाखले आणि पदवीची प्रमाणपत्रे देत, म्हणून त्यांचे नावच दाखलेबाई पडले होते. दाखला घेऊन जाणारा मुलगा पुन्हा कधी दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. "आपण मुलांना इतकी वर्षं सांभाळतो आणि शेवटी एक कागद हातात देऊन खिडकी लावून घेतो," असे त्या एकदा शिपाईदादांना म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून मला ओढत खिडकीमागे आणले. ग्रंथालयाची रद्दीत निघालेली कार्डेही त्यांनी मागून घेतली, कारण त्यांची मागची बाजू कोरी होती.

त्या दिवसापासून दाखला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, "पुढं काय ठरवलंयस?" मुलगा सांगे, त्या लिहीत. मग फोन नंबर विचारत. मुलाने आपला नंबर सांगितला की हात हलवत.

"तुझा नको. तू चार महिन्यांत बदलशील. तुमच्यात जो माणूस जागचा हलणार नाही, त्याचा दे."

मग कोणी काकांचा देई, कोणी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा, कोणी आत्याचा. एका मुलाने बराच विचार करून सांगितले, "आमच्याकडे सगळेच हलतात हो. फक्त आजोबा नाहीत हलत, पण त्यांना ऐकू येत नाही." बाईंनी तेही लिहून घेतले आणि पुढे कंसात 'मोठ्याने बोलणे' असे जोडले.

खाली त्या आपल्या मनाची एखादी ओळ लिहीत. 'सूक्ष्मदर्शक उघडून परत जोडला. एक स्क्रू उरला, तरी चालतो.' 'फार कमी बोलतो, पण गोडी लावतो.' पुढे मधमाश्यांच्या रोगांवरचे पुस्तक, मागे वर्गातला सर्वांत खोडकर मुलगा, अशी माझी कार्डे होती. शिक्षण अर्धवट सोडून जाणारेही तीन नंबरवरच येत. त्यांना पदवी नसे, म्हणून ते कोणत्याच यादीत नसत. बाईंनी त्यांच्यासाठी माझा शेवटचा, चोविसावा खण ठेवला होता.

अशी एकोणीस वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या कारकुनाला छपाईचे यंत्र ठेवायला जागा हवी होती. ते त्याने माझ्या डोक्यावर ठेवले. दिवसभर ते थरथरे आणि त्याच्याबरोबर मीही. सतराव्या खणाची मूठ गळून पडली, ती कोणी उचलली नाही. तीन वर्षांत माझा एकही खण उघडला गेला नाही. शेवटी भंगाराची यादी निघाली आणि तीत माझा सातवा नंबर लागला.

त्याच सुमारास विद्यापीठावर एक संकट आले. तिथे एक उपकरण विभाग होता. दवाखान्यांतली आणि प्रयोगशाळांतली यंत्रे दुरुस्त करायला तिथे शिकवत. दोन शिक्षक, अकरा विद्यार्थी. इतका लहान विभाग चालवायचा कशाला, असे वरच्यांना वाटू लागले होते. सहा आठवड्यांनी तपासणी समिती येणार होती.

माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवायला नुकतीच एक तरुण अधिकारी नेमली होती. सगळे तिला संपर्कताई म्हणत. कुलगुरूंनी तिला खिडकीपाशीच गाठले.

"समिती विचारणार, इथे शिकून गेलेले लोक कुठे आहेत, काय करतात? आम्हाला माहीत नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

संपर्कताईने आधीच कंबर कसली होती. संगणकातल्या नऊशे बारा पत्त्यांवर तिने ईमेल पाठवले होते. उत्तरे आली एकतीस, त्यांतल्या एकोणीस जणांनी यापुढे ईमेल पाठवू नयेत अशी विनंती केली होती. मग तिने मेळावा भरवला. खुर्च्या दोनशे, माणसे चौदा. त्यांतली नऊ याच इमारतीत नोकरीला होती, आणि एक गृहस्थ सभागृह चुकून आले होते. ते चहा होईपर्यंत थांबले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी ती उदास चेहऱ्याने कारकुनाला म्हणाली, "ही पेटी आज भंगारात जायचीय. आत काही असेल तर काढून घेऊ." तिने माझा सहावा खण ओढला. मामाच्या मेणाची पुण्याई, तीन वर्षांनी ओढूनही तो अडला नाही. तिने एक कार्ड वाचले. मग दुसरे. मग छपाईयंत्र उचलून जमिनीवर ठेवले आणि उभ्याउभ्या अख्खा खण वाचून काढला. संध्याकाळी अक्षर कोणाचे ते शिपाईदादांना विचारून, तोच खण रिक्षात मांडीवर घेऊन ती दाखलेबाईंच्या घरी गेली. माझा खण गेला म्हणजे मीच गेले.

दाखलेबाई अंगणात कुंड्यांची माती सारखी करत होत्या.

"बाई, ही कार्डं तुम्ही लिहिलीत?"

"अक्षर माझंच आहे. वाईट आहे ना?"

"अक्षर वाईट आहे, पण पत्ते चांगले आहेत. मला तुमची मदत हवीय."

बाईंनी माती लागलेले हात धुतले, खण जवळ घेतला आणि कार्डांवरून नुसते बोट फिरवले. मग म्हणाल्या, "येते. पण माझी एक अट आहे. पहिल्या फोनला काही मागायचं नाही. ज्या नातेवाइकाला फक्त काम असलं की आपली आठवण होते, त्याचा फोन कोण उचलतं? तू तरी उचलतेस का?"

संपर्कताई हसली. "नाही उचलत."

दुसऱ्या दिवसापासून बाई माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. पहिला फोन एका शिलाईच्या दुकानात लागला.

"विद्यापीठातून बोलतेय. तुमच्या भाच्याची चौकशी करायची होती."

पलीकडची मावशी घाबरली. "का? काय केलं त्यानं?"

"काही केलं नाही हो. बारा वर्षं झाली, म्हटलं बरा आहे ना विचारावं."

मग मावशी अर्धा तास बोलली. भाचा आता मोठ्या रुग्णालयात यंत्रांची देखभाल करत होता. संध्याकाळी त्याने स्वतःच फोन केला.

सगळे फोन असे गोड नव्हते. काही नंबर बंद होते. दोघेजण जग सोडून गेले होते. त्या कार्डांवर बाईंनी तारीख लिहिली आणि ती पुन्हा जागेवर ठेवली. एका मुलाचे वडील म्हणाले, "तुम्हाला सापडला तर मलाही सांगा. दोन वर्षं झाली, बोलत नाही माझ्याशी." त्या दिवशी बाईंनी आणखी कुणालाच फोन केला नाही. त्या माझे खण चाळत बसल्या. त्या मुलाचा जिवलग मित्र त्यांना नवव्या खणात सापडला. पुढे काय झाले ते मला सगळे ठाऊक नाही. एवढेच कळले की महिन्याभराने त्या वडिलांचा फोन आला आणि ते फक्त म्हणाले, "बोलला."

मग एके दुपारी बाईंनी चोविसावा खण ओढला. त्यातल्या एका कार्डावर लिहिले होते: 'चिमटी. खिशात कायम चिमटा, म्हणून हे नाव. दुसऱ्या वर्षी सोडले, वडील आजारी. हात सोन्याचा.' फोन चिमटीनेच घेतला. आवाज भारदस्त होता.

"माजी विद्यार्थी? तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. माझ्याकडे पदवी नाही. मी तुमच्या यादीत नाही."

"यादीत नसशील, माझ्या खणात आहेस," दाखलेबाई म्हणाल्या. "निळा स्वेटर होता तुझा. दाखला घेताना सही करवेना तुला. मी पाणी दिलं होतं."

मग चिमटी हळूच म्हणाली, "त्या खिडकीवर अजून तुम्हीच बसता?"

"नाही गं, मी घरी असते. तुझ्यासाठी आलेय."

पाच आठवड्यांत माझे चोवीसही खण उघडले गेले. फोन करून करून बाईंचा घसा बसला. मग आधी सापडलेलेच पुढच्यांना शोधू लागले. आवळा देऊन कोहळा काढायचा डाव त्यात नव्हता, म्हणून माणसे न संकोचता आली.

समिती आली त्या दिवशी विभागात शेहेचाळीस जुने विद्यार्थी जमले होते. खोली लहान, म्हणून निम्मे व्हरांड्यात उभे राहिले. दार उघडेच ठेवल्यामुळे खिडकीमागे मला सगळे ऐकू येत होते. समितीच्या अध्यक्षा करड्या आवाजाच्या होत्या. त्यांनी समोरच बसलेल्या चिमटीला विचारले, "आपण कोणत्या वर्षीच्या पदवीधर?"

"पदवीधर नाही. दुसऱ्या वर्षी सोडलं."

"मग आपण इथे कशा?"

"मला बोलावलं म्हणून," चिमटी म्हणाली. "माझा कारखाना आहे. आम्ही दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो. नऊ माणसं आहेत. त्या नऊ जणांना मी शिकवलं आणि मला या खोलीत शिकवलं. दहावा माणूस वर्षभर शोधतेय, मिळत नाही. आणि तुम्ही म्हणता, जिथे ही माणसं तयार होतात तोच विभाग बंद करू."

कागद बाजूला ठेवून अध्यक्षांनी व्हरांड्यातल्यांना एकेकाला विचारायला सुरुवात केली. ते दीड तास चालले.

पत्र यायला तीन आठवडे लागले. कुलगुरूंनी ते खिडकीपाशी उभे राहून मोठ्याने वाचले. विभाग पाच वर्षे चालू राहणार होता. त्यानंतर पुन्हा पाहू, असेही लिहिले होते. संपर्कताई तिथेच खुर्चीवर बसली आणि तिने डोळे पुसले. दाखलेबाई म्हणाल्या, "पाच वर्षं पुष्कळ झाली. आपण काय झोपणार आहोत का?"

भंगाराच्या यादीतून माझे नाव खोडले गेले. सतराव्या खणाला नवी मूठ बसली. ती इतर तेवीस मुठींसारखी नाही, पण मला आवडते. अकराही विद्यार्थ्यांना एकेक जुना विद्यार्थी वडीलधारा म्हणून मिळाला. अडले की मूल त्याला विचारते, आणि कधीकधी तोही मुलाला विचारतो, कारण नवी यंत्रे मुलांनाच जास्त कळतात. चिमटीने त्या वर्षी तिघांना कामावर घेतले. तिला मानाची पदवी देऊ केली, तेव्हा ती म्हणाली, "फुकटची नको, परीक्षा घ्या." आता ती दर शनिवारी वर्गात मुलांशेजारी बसते. पहिल्या चाचणीत एका विषयात नापास झाली आणि तिच्या कारखान्यातली नऊही माणसे पोट धरून हसली, असे तीच सांगते.

संपर्कताईने सगळे पत्ते संगणकातही घातले. पण दर बुधवारी दुपारी ती माझा एक खण ओढते आणि त्यातल्या माणसांना फोन करते. चोवीस आठवड्यांत मी संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विचारायचे, मागायचे नाही, हा नियम अजून मोडलेला नाही.

गेल्या बुधवारी तिने खण ओढण्याआधीच फोन वाजला. दूरच्या गावाहून कोणीतरी बोलत होता.

"ताई, आम्ही घर बदललंय. नवीन पत्ता लिहून घेता का? नाहीतर तुम्हाला सापडणार नाही मी."

ताईने कार्ड शोधले, जुना पत्ता हलकेच खोडला आणि खाली नवा लिहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीला वर्षातून एकदा मेण लावले की पुरते. माणसांना तेवढ्याने भागत नाही. तुमच्या वर्गातून कोणी निघून गेले असेल, तर आज त्याला काही काम नसताना फोन करा. आणि तुम्ही कुठे गेलात, तर कुणीही न विचारता आपला पत्ता कळवा. तुमची वाट पाहणारा एखादा खण कुठेतरी असतोच.