अकरा अ‍ॅडमिन आणि उंबरवाडीचं शून्य

मित्रांनो, मी अहवाल काढणारं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल. मेहकरच्या एका दूध संघाच्या कचेरीत, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम असतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, पोट तर मुळीच नाही. तरी बासष्ट गावांचं दूध रोज सकाळी माझ्यातून जातं. आकड्यांच्या रूपानं, बरं का! प्यायला थेंबसुद्धा मिळत नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका कंपनीत झाला. तिथल्या थंडगार खोलीत चार-सहा जणांनी मिळून मला लिहिलं. पण मी लहानाचा मोठा झालो तो मेहकरला, नीळकंठरावांच्या हाताखाली. नीळकंठराव म्हणजे संघाचे जुने कारकून. कपाळाला बुक्का, खिशाला दोन पेनं, आणि टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यावर दिवसभर कीर्तन चालू. माझ्यातला एक एक आकडा टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर भरलेला आहे. बुवांनी वरचा सूर लावला की नीळकंठरावांचा हात हवेतच थांबायचा, आणि 'दोनशे पंच्याहत्तर'मधलं 'दोन' लिहून झालेलं असायचं. मग मीही सूर खाली येईपर्यंत दोन लिटरवर बसून राहायचो. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. पुण्यात राहिलेल्या माझ्या भावंडांना असलं भाग्य कुठलं!

ते दिवस मोठे छान होते. कोणत्या गावाचं किती दूध, कुठलं पातळ, कुठलं घट्ट, हे मी एका पानावर छापून देई. ते पान फलकावर लागे. संघाचे अध्यक्ष शेषराव त्याच्यासमोर उभे राहून चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणत, "आपला अहवाल म्हणजे आरसा हाय, आरसा!" नंतर तेच पान काढून ते वारा घेत. पण कौतुक ते कौतुकच.

पुढे माणसांचं लक्ष उडालं. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसू लागले. माझ्या पडद्यावर धूळ साचली. कॉम्प्युटरच्या डब्यावर कुणीतरी लोणच्याची बरणी ठेवली, ती दोन वर्षं तिथेच होती. मला वाटलं, आता आपलं आयुष्य सरलं.

आणि यंदा पुण्याहून कंपनीच्या भार्गवी मॅडम आल्या. त्यांनी आधी बरणी उचलली, मग माझ्यात नव्या सोयी घातल्या. म्हाताऱ्याला नवी कवळी बसवल्यावर तो जसा उगाचच ऊस मागतो, तशी माझी गत झाली. आता गावोगावच्या केंद्रांवरचं दूध मोजण्याचं यंत्र आकडा थेट मला पाठवणार होतं. काही वावगं दिसलं तर मी आपण होऊन सगळ्यांना निरोप धाडणार होतो. मी मोबाइलमध्येही शिरणार होतो. आणि सगळ्यात मोठी सोय होती ती अ‍ॅडमिनची.

"अ‍ॅडमिन म्हणजे ज्याच्या हातात किल्ल्या," भार्गवी मॅडमनी सांगितलं. "केंद्र उघडणं, केंद्र बंद करणं, सगळं एका बटणावर. म्हणून एक किंवा दोनच माणसं ठेवा."

नीळकंठराव हसले. "मॅडम, हे पुण्यात जमते. इथं अध्यक्षांचं नाव घातलं न् उपाध्यक्षांचं राह्यलं, तर ते आपल्या घरचं पाणी पिणार नाहीत. लग्नाच्या पत्रिकेत एक मामा राहून गेला तर काय होते, पाह्यलं नाही का तुम्ही?"

झालं. अध्यक्ष शेषराव अ‍ॅडमिन झाले. उपाध्यक्ष गजेंद्र अ‍ॅडमिन झाले. सातही संचालक झाले. नीळकंठराव तर होतेच. शेवटी कारभारी नावाचा टँकरचालक दारात येऊन उभा राहिला. "दूध मी आणतो, न् मानाच्या वक्ताले मी परका काय?" म्हणून तोही झाला. अकरा जण! प्रत्येकाला टोपी-टॉवेल, नारळ आणि एक पेढा देण्यात आला. शेषरावांनी वाढदिवसाच्या फलकावर आपल्या नावाखाली 'अध्यक्ष व अ‍ॅडमिन' असं छापून घेतलं.

मग मॅडमनी नियम विचारले. महिन्यात दोनदा एखाद्या केंद्राचं दूध शून्य आलं तर काय करायचं? "बंदच समजा," शेषराव म्हणाले. घेतलेला निर्णय मोडायचा असेल तर? "निम्म्याहून जास्त लोकायची संमती घ्या. न्याय कसा पंचायतीसारखा पाह्यजे." मोडायची मुदत? "त्याच दिवशी, संध्याकाळी सहापर्यंत." या वेळी नीळकंठरावांच्या मोबाइलवर कीर्तन अगदी रंगात आलं होतं. ते डोळे मिटून मान डोलावत होते. मॅडमना वाटलं, त्यांचा होकार आहे.

मित्रांनो, इथेच घोळ झाला. दुसरबीडपासून सात किलोमीटरवर उंबरवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं दूध केंद्र गोजरबाई चालवतात. बारा वर्षांत त्यांच्या केंद्राचं दूध एकदाही नासलं नाही. पण त्या गावाची एक रीत आहे. दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात दुपारी कीर्तन होतं, आणि त्या दिवशीचं दूध गाव विकत नाही. कीर्तनाला जो येईल त्याला ते प्यायला देतात. नीळकंठरावांना ही रीत पाठ होती. एकादशीला ते उंबरवाडीची ओळ मुकाट्यानं सोडून पुढे जात. रीत त्यांच्या डोक्यात होती, माझ्यात कुणी भरलीच नव्हती.

आता यंत्र थेट बोलत होतं. पहिल्या एकादशीला शून्य आलं, मी नोंद केली. दुसऱ्या एकादशीला सकाळी नऊ वाजता पुन्हा शून्य आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नव्या सोयीचं पहिलं काम! मी ऐटीत अकरा मोबाइलवर निरोप धाडला: 'उंबरवाडी केंद्र बंद करावे. दूध थंड करण्याची टाकी उद्या सकाळी जळगाव जामोद केंद्रास हलवावी. मंजूर?'

दोन मिनिटांत उत्तर आलं. मंजूर. शेषरावांनी दाबलं होतं.

नीळकंठराव आंघोळ-पूजा करून दहाला कचेरीत आले आणि त्यांनी माझा पडदा पाहिला. त्यांनी तांब्याजवळचं कीर्तन बंद केलं. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी गोजरबाईंना फोन लावला.

"काऊन बंद?" गोजरबाईंचा आवाज चढला. "काल पावणेतीनशे लिटर धाडलं न मी!"

"आज शून्य आलं ना, गोजरबाई."

"आज एकादशी हाय, नीळकंठभाऊ! तुमच्या कॉम्प्युटरच्या घरी पंचांग नाही काय?"

मला मान असती तर मी ती खाली घातली असती.

मग त्यांचा आवाज उतरला. "भाऊ, टाकी गेली तर दूध दुसरबीडपर्यंत डोक्यावर न्या लागीन. एवढ्या उन्हात ते नासून जाईन. त्रेचाळीस घरच्या बाया हायेत. म्हशी विकतीन हो त्या."

शेषराव धावत आले. "मंजूर असं दिसलं का माह्या अंगठा आपोआप जाते. जन्मभराची सवय हाय. थांबा, मीच दाबलं, मीच मोडतो." त्यांनी 'मोडा' दाबलं. मी नियमानं वागलो. मी दाखवलं: 'एक संमती मिळाली. आणखी पाच हव्यात. मुदत सहापर्यंत.'

"अबे, मी अध्यक्ष हाव!" ते माझ्यावर ओरडले. नीळकंठरावांनी पुण्याला फोन लावला. भार्गवी मॅडम म्हणाल्या, "सर, मला बाहेरून काही करता येणार नाही. नियम तुमचेच आहेत. सहानंतर तीन महिने केंद्र उघडणार नाही."

नीळकंठरावांनी आपली संमती दिली. कारभारीनं दिली. तीन झाल्या. आता माझ्या मानकऱ्यांची गंमत ऐका. एक संचालक लग्नात, फोन बंद. दुसऱ्यांचा फोन गिरणीत चार्जिंगला लावलेला, आणि ते स्वतः शेतात. तिसरे म्हणाले, "अकरा जण हावोत न बे! कोणीतरी दाबीनच." चौथ्यांनी माझा निरोप फसवणुकीचा समजून मलाच मोबाइलमधून काढून टाकलं. पाचवे नुसतं "हो हो" म्हणून झोपले.

"उरलेले दोघं उंबरवाडीले कीर्तनात भेटतीन," कारभारी म्हणाला. "एकादशी चुकवत नाहीत ते." संघाची जीप बिघडलेली. मग अध्यक्ष आणि कारकून दोघंही रिकाम्या टँकरमध्ये चढले. मी नीळकंठरावांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होतोच. वाटेत प्रत्येक खड्ड्याला शेषराव विठ्ठलाचं नाव घेत होते. त्या रस्त्यावर पुष्कळ नामस्मरण झालं.

देवळात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. कीर्तनकार रेणुकाताई उभ्या होत्या. गळ्यात हार, मागे टाळकरी, समोर माणसांनी भरलेला मंडप. एका बाजूला मोठ्या पातेल्यांतून दूध वाटत गोजरबाई फिरत होत्या. डोळे लाल होते, पण हात थांबलेला नव्हता. त्यांनी आधी आम्हा चौघांच्या, म्हणजे त्या तिघांच्या, हातात पेले दिले. शेषरावांना पेला घेताना वर बघवेना.

नीळकंठरावांनी भीत भीत रेणुकाताईंच्या कानात सगळं सांगितलं. ताईंनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं आणि त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मायबाप हो, किल्ल्या पुष्कळांच्या कमरेला आहेत, पण कुलूप कोणी पाहत नाही. इथं जे कोणी अ‍ॅडमिन बसले असतील, त्यांनी उभं राहावं."

मंडपात हशा पिकला. दोन संचालक उठले. एकानं लगेच बटण दाबलं. दुसऱ्यांचा चष्मा घरी राहिलेला. ते मोबाइल घेऊन थेट ताईंच्या समोर गेले. "ताई, हिरवं कोणतं न् लाल कोणतं, तेवढं दाखवा. नाहीतर पुरं गावच बंद व्हायचं."

पाच झाल्या. उरले उपाध्यक्ष गजेंद्र. ते जळगाव जामोदचे, म्हणजे टाकी त्यांच्याच केंद्राला जाणार होती. त्यांचा फोन तासभर लागतच नव्हता. घड्याळात पावणेसहा. नीळकंठरावांनी पुन्हा फोन लावून मोबाइल ध्वनिक्षेपकासमोर धरला. सगळं गाव कान देऊन बसलं.

"दोन वर्षं झाले टाकी मागतो मी," गजेंद्र म्हणाले. "आज भेटली, न् तुम्ही वापस द्या म्हणता? तू नीळकंठरावच हायेस कशावरून? आजकाल आवाज काढून लोक लुबाडतात."

"गजेंद्रभाऊ, मी गोजरबाई बोलतो."

"असं? मग सांग. मागच्या वर्षी मी तुमच्या कीर्तनाले आलो होतो. किती पेले दूध पेलो मी?"

शेषराव बोटांनी चार दाखवू लागले, कारभारी सात. गोजरबाई गोंधळल्या. पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "आता ते कोण मोजते, भाऊ? पेणाऱ्याचे पेले मोजतात काय कधी?"

पलीकडे गजेंद्र खदखदून हसले. "हाव, गोजरबाईच हाय! चोर असता तर आकडा सांगतला असता." मग ते हळू आवाजात म्हणाले, "टाकी मले पाह्यजेच होती, बाई. आमचंही दूध नासते. पण तुमची नाही घेत मी. अध्यक्षसाहेब, ऐकता ना? मले नवी पाह्यजे."

"मंजूर!" शेषराव ओरडले. या खेपेला अख्ख्या गावासमोर.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी सहावी संमती माझ्यापाशी आली. मी कुलूप उघडलं. टाळ एकदम कडाडले. नीळकंठराव मोबाइल कपाळाला लावून रडत होते, त्यामुळे माझ्यावर थोडा बुक्का लागला. इतक्या वर्षांत मला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं.

पण माझं काम बाकी होतं. मी विचारलं: 'शून्य दुधाचे कारण निवडा.' माझ्या यादीत होतं: रोगराई, संप, रस्ता बंद, यंत्र बिघाड. नीळकंठरावांनी यादी वाचून दाखवली. गोजरबाईंनी प्रत्येक कारणाला नकाराची मान हलवली.

"'इतर' म्हणून एक हाय," नीळकंठराव म्हणाले. "त्यात काय लिहू?"

"लिहा," गोजरबाई म्हणाल्या. "दूध हाय. आज विकायचं नाही."

मी ते जपून ठेवलं आहे. माझ्याजवळ लाखो आकडे आहेत, पण गोजरबाईंच्या शब्दांतलं असं वाक्य हे एकच.

दुसऱ्या दिवसापासून नीळकंठराव पंचांग घेऊन माझ्यासमोर बसले. कोणत्या गावात पोळ्याला दूध काढत नाहीत, कुठे जत्रेच्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत, सगळं डोक्यातून काढून माझ्यात भरत आहेत. अजून अर्धीही गावं झालेली नाहीत. अ‍ॅडमिन मात्र अकराच आहेत. एकाचंही नाव काढायची नीळकंठरावांची छाती झाली नाही. गोजरबाईंना बारावा मान देऊ केला, तर त्या म्हणाल्या, "मले म्हशीचं दूध काढायचं हाय."

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, मोबाइलमध्ये माझ्यासारखे कितीतरी असतील. आम्हाला जे सांगाल तेवढंच आम्हाला कळतं. तेव्हा आमच्यावरची धूळ पुसा, लोणच्याची बरणी दुसरीकडे ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे ठाऊक आहे ते एकदा विचारून आम्हालाही सांगा. एखाद्या मुलाच्या नावापुढे गैरहजर दिसलं, एखाद्या गावापुढे शून्य दिसलं, तर अंगठा थोडा आवरा. आधी त्याच्या घरी एक फोन लावा. त्या सकाळी कुणी एवढं केलं असतं, तर टँकरच्या धक्क्यांनी धरलेली अध्यक्षसाहेबांची कंबर अजून शेकावी लागली नसती.