गुरुवारी सुट्टी घेणारं भूत

भोसरीतल्या आमच्या चाळीत त्या दिवशी भिंतीच्या दर्शनाला रांग लागली होती. हो, भिंतीच्या! यशोदाबाईंच्या खोलीतली भिंत आपोआप तापली होती. माणसं हात लावून "आई गं, काय ही ऊब!" म्हणत डोळे मिटत होती.

त्याचं असं झालं. आमच्या चार खोल्यांना मिळून एकच एमसीबी, म्हणजे आपोआप पडून वीज तोडणारा खटका. तो रोज दुपारी चारला खटकन पडायचा, फक्त गुरुवारी नाही. झालं, भूत ठरलं! मग तेजोनाथबाबा आले. त्यांनी झोळीतला 'सिद्ध' एमसीबी बसवला, त्यावर शेंदूर थापला आणि बजावलं, "चाळीस दिवस हात लावाल तर खबरदार! गुरुवार दत्ताचा, म्हणून भूत त्या दिवशी टरकतं."

एमसीबी पडायचा थांबला. भिंत तापू लागली.

"देवी भिंतीत वस्तीला आली!" बाबा म्हणाले. यशोदाबाईंनी लगेच दोन महिन्यांच्या नातीचा पाळणा त्याच भिंतीला लावला.

तेवढ्यात शेजारची करिष्मा कामावरून आली. आयटीआय झालेली वायरमन. तिने नाक उडवलं.

"बाबा, तुमच्या देवीला जळक्या प्लॅस्टिकचा वास कसा?"

"धूप आहे तो, स्वर्गातला!"

"मावशी, आधी पोरीला उचला."

"न्हाई गं, बाबा म्हणलेत..."

करिष्माने पोर उचलून त्यांच्या हातात दिली आणि मेन स्विच पाडला. शेंदूर पुसला. खाली आकडा निघाला, बत्तीस.

"वायर दीड एमएमची, बारीक. तिला दहा अँपिअरचा एमसीबी लागतो. फर्स्ट शिफ्टवरून चारला येऊन तुम्ही चौघं एकदम आंघोळीच्या पाण्यात तापवायचा रॉड टाकता. वायरला झेपत नाही, ती जळू नये म्हणून बिचारा पडायचा. बाबांनी बत्तीसचा बसवला. तो पडेना, वायर शिजायला लागली."

तिने भिंतीतून वायर ओढली. काळी, वितळलेली. यशोदाबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं.

"आणि गुरुवारी?" मी विचारलं.

"गुरुवारी एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुट्टी. आंघोळ ज्याच्या त्याच्या सवडीने."

म्हणजे भूत आम्हीच, राव! बाबांना अचानक तळेगावचं बोलावणं आठवलं. घाईत ते माझ्या चपला घालून गेले.

करिष्माने नवी वायर ओढली, दहाचा एमसीबी बसवला आणि रॉडच्या पाळ्या लावून दिल्या. दुसऱ्याच दिवशी चार वाजता मीच पाळी विसरलो, आणखी दोघंही विसरले. खटक! पंखे थांबले. मी शिव्या खायची तयारी ठेवली.

तुम्हीही एमसीबी पडला तर बाबा नका शोधू, मोठा एमसीबीही नका बसवू. वायरमनला बोलवा आणि आधी वायर किती जाड आहे ते बघायला लावा.

आमच्या यशोदाबाई तर पाळण्याची दोरी हलवत खुशीत ओरडल्या, "पडला गं बाई, पडला! राखणीला जागा हाय गुणाचा!"