गुरुवारचा पंखा

माझी मुलगी गोंगाट वाजवते. गाणं नव्हे, बासरी नव्हे, निव्वळ गोंगाट. लोक तिकीट काढून येतात आणि डोळे मिटून उभे राहतात. "कान किटले माझे," असं मी तिला सारखं ऐकवायचो.

खरं तर कान किटायला आधी ते धड असावे लागतात. कागद कारखान्यात मी मशीन तपासतो. सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं. दोन वर्षांपासून बारीक, उंच पट्टीतले आवाज मला येईनासे झाले होते. घरीदारी कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरी गेली तर खायचं काय? सळई लावायचो, मान डोलवायचो, 'ठीक' लिहायचो.

गुरुवारी मुलगी कारखान्यात आली होती. मी कागद वाळवणाऱ्या मोठ्या पंख्याला सळई लावली, शेजारीच तिने लोखंडाला चिकटणारा आपला छोटा माइक लावला.

"बाबा, काय सॉलिड आवाज आहे!" ती म्हणाली.

मी 'ठीक' लिहिलं.

रविवारी दुपारी तिने मला कार्यक्रमाला ओढून नेलं. जुनं गोदाम, साठेक माणसं, बसायला एक खुर्ची नाही.

"यात ऐकायचं काय?"

"गाणं बोट धरून नेतं, बाबा. हे नाही नेत. आपणच आत शिरायचं. सापडेल ते आपलं."

सुरू झालं आणि माझ्या छातीत धडकी भरली. पळावंसं वाटलं. पण आवाज तळपायांतून वर चढत होता, बरगड्यांत घुमत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला काही कमी ऐकू येत नव्हतं. मीही डोळे मिटले. लाज वाटली, पण आवडलं.

"हा बाबांचा पंखा," मुलगी म्हणाली. गुरुवारी टिपलेला तो आवाज तिने संथ करून पार खाली उतरवला होता, नकळत माझ्या कानांच्या टप्प्यात.

टक्. टक्. टक्.

बेअरिंगची कडी तडकली होती. पंखा गुरुवारपासून तसाच चालू होता, आणि आज त्याच्या शेजारी माझा धाकटा भाऊ ड्युटीवर होता. कडी तुटली की पाती भोवतीचा पत्रा फाडून बाहेर येतात.

"बंद कर!" मी ओरडत पुढे घुसलो. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुलीने माझा चेहरा पाहिला आणि सगळं बंद केलं.

मी भावाला फोन लावला. "पंखा बंद कर आणि लांब हो!"

"अरे दादा, गुरुवारी तूच ठीक लिहिलंस ना?"

"न ऐकताच लिहिलं. मला ऐकू येत नाही रे. दोन वर्षं झाली."

साठ माणसं आणि माझी मुलगी ऐकत होती. भावाने फोन चालू ठेवूनच बटण दाबलं. मोठा पंखा बटण दाबल्यावरही थांबायला चार मिनिटं घेतो. फोन कानात खुपसला तरी पंखा थांबतोय का ते मला कळेना. मी तो मुलीकडे दिला.

"ऐक. तुझा काका... पंखा..."

तिने दुसरा कान बोटाने दाबला. "वेग उतरतोय," ती म्हणाली. चार मिनिटं ती तशीच कान देऊन उभी होती. गोदामात कुणी हललं नाही.

"थांबला. काका ठीक आहेत."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, अगदी तोंडासमोर तोंड आणून, सावकाश बोलली.

"बाबा, या दोन वर्षांत अजून किती मशीनवर ठीक लिहिलंत?"

"सगळ्यांवरच," मी म्हणालो.