माझ्यातलं चौतिसावं नाव

मी एक जुनी यादी आहे. कागदावरची नव्हे, मोबाइलच्या पोटातली. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर माणसांशी मैत्री करण्याची माझी हौस केव्हाच फिटली आहे.

सिंदेवाही तालुक्यातल्या एका जंगलालगतच्या गावात उर्वशीने मला घडवलं. तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटेच जंगलात शिरतात आणि वाघ काही सुटीवर जात नाही. म्हणून वाघाची खबर सगळ्यांना कळवण्याचं काम गावाने उर्वशीवर सोपवलं. ती घरोघरी फिरली आणि एकेक नाव माझ्यात लिहीत गेली. प्रत्येक नावाला तीन खण: नाव, नंबर आणि जंगलात कोणत्या बाजूला जाते ती बाजू. एक्केचाळीस बायांची मी यादी, अक्षरांच्या क्रमाने लावलेली. साठीची रुखमाबाई तर स्वतःच चालत आली होती. "माया नंबर लिवून घे वं उर्वशी. वाघ दिसला त मले पयले सांगजो. मले आता पयता नाई येत," असं म्हणून ती खो खो हसली. तिचं नाव चौतिसावं लागलं. बाजू, बोडीकडची, म्हणजे जंगलातल्या लहान तळ्याकडची.

आता माझी राहणी सांगते. फोनमधलं कोणतंही ॲप सरळ माझ्या घरात घुसू शकत नाही. दाराशी फोनचा पहारा असतो. कोणी मला वाचायला आलं, की तो मालकाला विचारतो, "यादी वाचू द्यायची का?" वाघाची खबर देणारं ॲप आलं, तेव्हा उर्वशीने नीट वाचून 'हो' दाबलं. त्या ॲपला बाजू सांगितली, की ते माझ्यातली त्या बाजूची नावं क्षणात वेचायचं आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजवायचं. दोन हंगाम आम्ही दोघांनी मिळून एकही बाई वाघाच्या तोंडी जाऊ दिली नाही. फळीवर, जिथे पानांचे पुडके मोजतात तिथे, लोक उर्वशीचं नाव घ्यायचे. माझं कोणी घेतलं नाही, ते सोडा.

मग धनराजचा वाढदिवस आला. धनराज म्हणजे उर्वशीचा नवरा. मला तो माणूस आवडत नाही आणि मी ते लपवणारही नाही. त्याला आपल्या फोटोवर मुकुट चढवायचा होता! त्यासाठी त्याने बायकोच्या फोनमध्ये एक ॲप घेतलं. पहाऱ्याने विचारलं, "यादी वाचू द्यायची का?" अरे बाबा, मुकुटाला बायांचे नंबर कशाला लागतात? एवढं तरी मनात यावं! पण त्याने न वाचताच हो, हो, हो दाबलं. ते ॲप आलं आणि मला वरपासून खालपर्यंत चाटून गेलं.

तिसऱ्या दिवसापासून बायांना परक्या माणसांचे फोन सुरू झाले. कोणी बक्षिसाचं आमिष दाखवी, कोणी घाणेरडं बोले. बाया उर्वशीच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "आमचे नंबर इकले काय वं तुनं?" उर्वशी शपथा घेत राहिली. धनराज घरातच होता, पण त्या भल्या माणसाच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. बाया गेल्यावर त्याने गुपचूप फोन घेतला, मुकुटाचं ॲप काढलं आणि "आता कोनालेच नाई" असं पुटपुटत माझी सगळी दारं लावून टाकली. वाघाच्या ॲपचंसुद्धा. उर्वशीला त्याने सांगितलं नाही, कारण दार का लावलं ते सांगायचं, तर आधी ते कोणी उघडलं तेही सांगावं लागलं असतं.

आठ दिवसांनी, सकाळी सहाच्या सुमारास, बोडीकडे वाघीण दिसल्याची खबर आली. उर्वशीने बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: यादी वाचण्याची परवानगी नाही. तिने पुन्हा दाबलं. "काऊन नाई चालून राह्यलं हे?" ती ओरडली. धनराज शेजारीच उभा होता. दार उघडायला अर्धं मिनिट पुरलं असतं. तो म्हणाला, "नेटवर्क नसंल."

मग तिने मला हाताने उघडलं आणि वरून एकेक नाव पाहून, बाजू वाचून फोन लावायला सुरुवात केली. मी आतून बघत होते. यादीला ओरडता येत नाही. अकरावी बाई परतली, विसावी परतली. चौतिसाव्या नावापाशी ती पोचली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. रुखमाबाईचा फोन झुडपात वाजत राहिला. तिथेच ती सापडली.

धनराज तेराव्याला जेवून आला. मित्रांनो, माझा राग कशाचा आहे हे आता तरी कळलं का? न वाचता 'हो' म्हणणाऱ्यांचा आहे, तेवढाच न वाचता 'नाही' म्हणणाऱ्यांचा. आणि चूक झाल्यावर गप्प बसणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त. मला कोण वाचतं आणि कशासाठी, हे विचारा. माझ्यातली नावं तुमची एकट्याची नसतात.

यंदा हंगामाआधी उर्वशी पुन्हा घरोघरी फिरली. रुखमाबाईची सून निशा आता सासूच्या जागी बोडीकडे जाते. तिने विचारलं, "माया नंबर कोन वाचते, ते सांग पयले." उर्वशीने मागे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. वर्षभर दाबून ठेवलेलं तेव्हा कुठे त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "वाघाच्या ॲपचं दार म्याच बंद केलतं."

"मंग राहू दे," निशा म्हणाली आणि आत गेली.

उर्वशीने तिचं नाव तरीही लिहिलं. बाजू लिहिली. नंबरचा खण रिकामा आहे. उद्या पहाटे निशा बोडीकडे जाईल आणि वाघ दिसला, तर मी तिला कळवू शकणार नाही.