एकट्याच्या नावावर

लिफ्टवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा समजून घ्यायला आणि दुसऱ्यांदा वेळ काढायला. समोर शेजारच्या टेलरची बायको बसली होती. रोजच्यासारखा त्यांच्यासाठी डबा घेऊन आली होती, पण तो टेबलावर ठेवायचा सोडून मांडीवरच धरून बसली होती.

ज्या इमारतीला लिफ्टच नाही तिथे त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणायचे, कारण चौतीस वर्षं त्यांनी शहरभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. यंत्र कळतं म्हणजे कागदही कळत असणार, असा शेजाऱ्यांचा समज होता. लिफ्टवाल्यांनी तो कधी खोडून काढला नव्हता.

"काय म्हणतेय बँक?"

"मुदतीचं लिहिलंय, वहिनी."

"मुदत मला कळली हो भाऊजी. दोन महिन्यांत घर रिकामं करायचं. मला एवढंच सांगा, हे 'इतर रहिवासी' म्हणजे कोण?"

"म्हणजे... तुम्ही."

"अडतीस वर्षं त्या घराच्या फरशा पुसतेय मी. आणि मी इतर?"

टेलर चार महिन्यांपूर्वी गेले. दुकानात, मशीनवर बसल्या बसल्या. घरावर त्यांनी रिव्हर्स मॉर्गेज घेतलं होतं. म्हणजे घर बँकेकडे गहाण, पण हप्ता आपण भरायचा नाही. उलट बँकेनेच दरमहा आपल्याला पैसे द्यायचे आणि आपण आपल्याच घरात राहायचं. कर्जदार गेला की बँक घर विकून पैसे वसूल करते. दोघांच्या नावावर कर्ज असलं तर मागे राहिलेल्याला शेवटपर्यंत कुणी हलवत नाही. पण बायको वयाने बरीच लहान असली की बँकेला वाटतं, ही पुष्कळ वर्षं जगणार, आणि महिन्याची रक्कम कमी होते. तिचं नाव वगळलं की वाढते. टेलरची बायको त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. तिचं नाव वगळलेलं होतं.

"मला म्हणाले, इथे सही कर, मी केली," वहिनी म्हणाल्या. "वाचलंसुद्धा नाही. का वाचायचं? गिऱ्हाइकाच्या कापडाची उरलेली चिंधीही परत देणारा माणूस. आणि बायकोला मात्र सरळ कापून टाकलं. काल मुलगा फोनवर म्हणाला, बाबांनी तुला वाऱ्यावर सोडलं. आजवर बापाविरुद्ध त्याचा एक शब्द ऐकून घेतला नाही मी. काल गप्प बसले."

लिफ्टवाल्यांच्या ओठावर आलं होतं. पण ते म्हणाले, "मी बघतो बँकेत जाऊन."

"बघा," वहिनी म्हणाल्या आणि डबा ठेवून गेल्या.

बँकेत काय बघणार? तरी ते दुसऱ्या दिवशी जाऊन आले. काउंटरवरच्या साहेबाने फाइल काढली, पानं त्यांच्याकडे वळवून दाखवली. सगळं जागच्या जागी होतं. वहिनींच्या सहीखाली छापलेलं होतं की नाव वगळण्याचे परिणाम मला समजावून सांगण्यात आले आहेत. साहेब चांगल्या स्वभावाचा होता. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "असं बरेच जण करतात, काका. कुणीतरी सांगितलेलं असतं."

ते कुणीतरी म्हणजे लिफ्टवाले स्वतः.

त्यांनी साडेचार वर्षांपूर्वी कर्ज घेतलं, तेव्हा या भागात तसं करणारे ते पहिलेच. बँकेने त्यांचं नाव पेपरला कळवलं आणि एक बातमीदार मुलगी फोटोग्राफरला घेऊन आली. लिफ्टवाल्यांनी तिला दीड तास समजावून सांगितलं. बायको नऊ वर्षांनी लहान होती, तिचं नाव काढून रक्कम कशी वाढवली, हेही रंगवून सांगितलं. बायको चहा घेऊन आली तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, काकू, जरा यांच्या खांद्यावर हात ठेवा, हसा थोडं. तिने हात ठेवला. ती हसली नाही, पण छापताना असा कोन निवडला होता की हसल्यासारखी वाटावी. रविवारी अर्धं पान आलं. 'घरच झालं कमावता मुलगा.' बाजूला चौकट होती, त्यात त्यांची युक्ती सल्ला म्हणून छापली होती. कुणाचा सल्ला, हे मात्र छापलं नव्हतं, त्यामुळे तो तज्ज्ञांचा वाटत होता.

टेलरनी ते पान दुकानात आरशाशेजारी चिकटवलं. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, हा आमच्या शेजारचा.

लिफ्टवाल्यांची बायको दीड वर्षापूर्वी गेली. वयाने लहान असून आधी गेली. त्यामुळे त्यांच्या घरी इतर रहिवासी कुणी उरलाच नाही, आणि युक्ती अंगाशी आली नाही.

आली नाही असंच ते इतके दिवस समजत होते. पण बँकेतून परत येताना, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागून थांबले, आणि त्यांना बायको आठवली. शेवटच्या तीन वर्षांतली. ते जिना चढून आले की ती दारात उभी असायची आणि पहिलं विचारायची, "छातीत दुखत नाही ना?" बल्ब बदलायला स्टुलावर चढू द्यायची नाही. रस्ता ओलांडायला सोबत यायची. ते चारचौघांत थट्टा करायचे, "म्हातारपणी आमच्यावर फार प्रेम आलंय हिचं!" लोक हसायचे. ती आत जायची.

ते प्रेम नव्हतं असं नाही. पण ती घाबरलेली होती. तीन वर्षं रोज तिचा जीव टांगणीला होता, की हा माणूस पडला तर मी रस्त्यावर. आणि त्या भीतीवर त्यांनी विनोद केले होते. एकदाही तिने तोंडाने म्हटलं नाही की माझं नाव घाला. त्यांनी एकदाही विचारलं नाही. आता कुणाला विचारणार? कठडा धरून ते तसेच उभे राहिले. वरून उतरणाऱ्या कुणीतरी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले, "दम लागला." आणि पुढे चढू लागले.

त्याच आठवड्यात त्या बातमीदार मुलीचा फोन आला. आता ती पुरवणीची प्रमुख झाली होती. "काका, ज्येष्ठांच्या घरांवर विशेष पुरवणी काढतोय. पाच वर्षांनंतर तेच काका काय म्हणतात, असं करायचंय. येऊ ना?"

"या," लिफ्टवाले म्हणाले. त्यांना वाटलं, बरं झालं. पेपरात गेलेली गोष्ट पेपरातूनच दुरुस्त होईल.

ती आली, त्यांच्या बायकोच्या फोटोपाशी थांबली, मग फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "रेकॉर्ड करते हं." लिफ्टवाल्यांनी सगळं सांगितलं. टेलरचं, पत्राचं, नाव वगळण्याचं. बायकोचंही सांगितलं. मध्येच तिने फोन उचलून रेकॉर्डिंग बंद केलेलं त्यांना दिसलं, तरी ते बोलत राहिले.

"काका, खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. "ही पुरवणी बँकेच्या जाहिरातीवर निघतेय. पहिल्या पानावर बँक आणि तिसऱ्या पानावर तुम्ही. हे तिथे नाही जमणार."

"त्या वेळी जमलं की. माझं ऐकून छापलंत. कुणाला विचारलं नाहीत."

ती ओशाळली. "नाही विचारलं. मला तेव्हा कळतही नव्हतं फारसं. तुम्ही इतकं ठामपणे सांगत होतात."

हे खरं होतं. त्यांचा तो आवाजच तसा होता. बंद लिफ्टमध्ये माणसं अडकली की ते बाहेरून त्याच आवाजात सांगायचे, काही होत नाही, दोनच मिनिटं. आतली माणसं शांत व्हायची. लिफ्ट सुटायला तास लागणार हे त्यांना ठाऊक असलं तरी.

"वेगळी बातमी करता येईल," ती म्हणाली. "संपादकांशी भांडते मी. पण त्या काकूंशी बोलावं लागेल. त्यांना माहीत आहे ना, सल्ला तुमचा होता ते?"

लिफ्टवाल्यांनी टेबलावरचा डबा उगाच बाजूला सरकवला.

"म्हणजे माहीत नाही?" तिने पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली. "काका, मग मला आधी कशाला सांगताय? त्यांचं दार तर समोरच आहे."

ती गेल्यावर त्यांनी शर्ट बदलला. कशासाठी बदलला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग समोरच्या दाराची बेल वाजवली.

वहिनी जमिनीवर बसून दुकानातली दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावत होत्या. बाजारातला एक टेलर घेणार होता. "बसा. चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"चहा नको. वहिनी, तुमचं नाव वगळायला मी सांगितलं होतं."

त्यांच्या हातातलं रीळ हातातच राहिलं. "कुणाला?"

"त्याला. माझ्या घरी बसून. तो तीनदा आला होता विचारायला. त्याच्या मनात नव्हतं."

"तीनदा?"

"तिसऱ्यांदा म्हणाला, मला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील रे, पण मी गेल्यावर ही कुठे जाईल?"

"असं म्हणाले?"

"असंच."

"आणि तुम्ही?"

लिफ्टवाले खाली बघत होते. "मी हसलो. म्हटलं, रडक्या, तू काय उद्या मरतोयस? म्हटलं, पेपरात छापून आलंय, ते काय उगाच छापतात? आणि पेपरवाल्यांना ते मीच सांगितलेलं."

वहिनींनी रीळ खोक्यात ठेवलं. चुकीच्या रंगात ठेवलं, मग काढून बरोबर ठेवलं.

"परत सांगा. ते काय म्हणाले ते."

त्यांनी परत सांगितलं.

"चार महिने," वहिनी म्हणाल्या. "चार महिने मी त्या माणसाच्या फोटोकडे पाठ करून झोपतेय. आणि तुम्ही रोज माझ्या हातचं खाताय."

"हो."

"रोज ताटावर बसताना काय वाटायचं तुम्हाला?"

ते म्हणाले, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, वहिनी. तुम्ही तिथे..."

"तुमच्याकडे? तुमचं घर तरी कुठे तुमचं आहे हो? तेही बँकेचंच." त्या हसल्या, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "मला घर नका देऊ. मी मुलाकडे जाईन, नाहीतर बहिणीकडे. जायचं तर आहेच. पण बापाला शिव्या देणाऱ्या मुलाच्या घरात मला राहायचं नाहीये. आत्ता सांगितलंत ते मला लिहून द्या."

त्यांनी टेलरची मापाची वही आणली, मागचं कोरं पान उघडलं आणि पेन पुढे केलं. लिफ्टवाल्यांनी लिहायला घेतलं. हात सावकाश चालत होता. टेलर तीनदा आले, त्यांनी काय विचारलं, आपण काय सल्ला दिला, तारीख, सही. वहिनींनी वही घेतली, खिडकीपाशी नेऊन एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं.

"हसलात ते नाही लिहिलंत."

"ते कशाला, वहिनी?"

"लिहा. आणि रडक्या म्हणालात तेही."

त्यांनी सहीच्या खाली, उरलेल्या जागेत, ते लिहिलं. सही वर राहिली म्हणून वहिनींनी खाली दुसऱ्यांदा सही करायला लावली. मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून खोक्यावर ठेवला.

लिफ्टवाले उठायला लागले.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "तो विचारेल. मी का सांगू तुमच्या वतीने?"

ते पुन्हा खाली बसले. पलीकडे मुलाने फोन उचलला, म्हणाला, "हं, आई, बोल." वहिनींनी वही डोळ्यांजवळ धरली आणि वाचायला सुरुवात केली.